फाटकावरचा शंकर

या बाप्पा, जरा अलीकडे सरका. सतरंजी मोठी आहे, पण माझा आवाज आता तेवढा पोचत नाही. मी काही कीर्तन सांगणार नाही. सांगणारे गेले, मी नुसती ऐकणारी उरले. पण जन्मभर पहिल्या ओळीत बसून ऐकलं की काही गोष्टी कानाला चिकटून राहतात. त्यातली एक आज तुम्हाला देते. हिच्यात झाडांचं लग्न आहे, एक गाय आहे, आणि जागा सोडून बसलेलं एक अक्षर आहे.

त्या सकाळी रोपवाटिकेचं फाटक सताड उघडं होतं आणि माझ्या सगळ्या बाया बाहेर उभ्या होत्या. हातात डबे, डोक्यावर पदर, आणि नजर फाटकावरच्या नव्या पाटीवर.

"काय गं सगुणा, मुहूर्त पाहून रायल्या का?" मी विचारलं. मी तिथली मुकादम. बायांच्या आधी मी आत नसले तर साहेबांच्या कपाळाला आठी पडायची.

सगुणानं पाटीकडे बोट केलं. "चंद्राबाई, तुमाले वाचता येते. वाचा तिथं काय लिवलं हाय."

"निलगिरी संकर केंद्र."

"मंग? काल बुवा काय बोलले? तुमीच तं पुढं बसून माना हलवत होत्या!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आदल्या संध्याकाळी दत्ताच्या सप्ताहात आमच्या गणपतबुवा लांबटांचं कीर्तन होतं. काय रंगलं होतं म्हणता! बुवांचा आवाज असा, की देवळाच्या कळसावरच्या कबुतरानंसुद्धा उडायचं विसरावं. झांज वाजली, तबला चढला, आणि बुवा कडाडले, "कलियुगाची पहिली खूण कोणती? संकर! जो संकर करतो, जो करवतो, आणि जो पाहून गप्प बसतो, तिघांनाही एकच नरक!"

हे कोणासाठी होतं ते सावलखेड्यात कोणाला सांगावं लागत नव्हतं. बुवांची एकुलती एक लेक मंजुळा. तिनं जनावरांच्या दवाखान्यातल्या सुदाम कंपाउंडरशी लग्न केलं होतं. पोरगा दुसऱ्या जातीतला. बुवांनी तिच्या नावानं अंघोळ केली, आणि त्या घरात तिचं नाव घ्यायची बंदी झाली. तेव्हापासून दरवर्षी सप्ताहात कुठलंही आख्यान असो, राजाचं की हरणाचं, ते फिरून फिरून संकरावर यायचं. आम्ही ऐकायचो, माना हलवायचो, आणि बुवांचं दुखणं बोलतंय म्हणून सोडून द्यायचो.

यंदा मात्र तोच शब्द आमच्या फाटकावर लिहिलेला होता.

"आमाले कुठं समजलं असतं बाप्पा," सगुणा म्हणाली. "रात्री विहिरीवर माईंनीच विचारलं. म्हने, बायांनो, तुमच्या फाटकावर नवं काय लिवलं हाय गं? तवा सुमनच्या शाळेतल्या पोरानं वाचून सांगतलं."

माई म्हणजे बुवांची बायको. गरीब गाय. नवऱ्याच्या सावलीतून चालायची ती. त्यांनी सहज विचारलं असेल, म्हणून मी ते तिथंच सोडलं.

तुम्हाला आमचं काम सांगते, म्हणजे घोटाळा कळेल. ती कागद कारखान्याची रोपवाटिका. तिथं निलगिरीच्या दोन जाती होत्या. एक सरळ, उंच, गोरीपान. बाया तिला मडम म्हणायच्या. पण आमच्याकडचं वैशाखाचं ऊन लागलं की मडम मान टाकायची. दुसरी जात दूरच्या डोंगरातली, वाकडी, खडबडीत, पण दगडात लावा, तरी जगेल. तो गडी. डॉक्टर नवाथे साहेबांना या दोघांचं लेकरू हवं होतं, आईसारखं सरळ आणि बापासारखं चिवट. त्यासाठी मडमीच्या कळीची टोपी, ती आपोआप गळायच्या आत, हातानं काढायची. आतले पांढरे केसर, म्हणजे बायांच्या भाषेत दाढी, कात्रीनं भादरायची. मग कळीवर कागदी पिशवी बांधायची, म्हणजे मधमाशी मध्ये तोंड घालणार नाही. काही दिवसांनी कळीची दांडी चिकट झाली की गड्याची पिवळी भुकटी कुंचल्यानं लावायची आणि पुन्हा पिशवी. बाया पिशवीला अंतरपाट म्हणायच्या आणि भुकटी लावताना मंगलाष्टकं गुणगुणायच्या. हसत-खेळत चालायचं सगळं.

आजवर कोणाची काही तक्रार नव्हती, कारण आजवर त्या कामाला हायब्रीड म्हणत होते. हायब्रीड ज्वारीची भाकर गावात घरोघरी होती. हायब्रीडला कुठला आलाय नरक? पण नवाथे साहेब पुण्याकडचे, आणि मराठीचे मोठे भक्त. भाषेत परक्या शब्दांची भेसळ म्हणजे पाप, असं ते म्हणायचे. ज्यांचा जन्म दोन जाती एक करण्यात गेला, त्यांना दोन भाषांची सोयरीक खपत नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच्या खर्चानं पाटी बदलून घेतली.

आणि वर्ष कोणतं निवडलं? मडमीची ती झाडं ज्या तुकड्यात होती, तिथं कारखान्याला गोदाम बांधायचं होतं. पुढच्या दिवाळीआधी झाडं तुटणार होती. म्हणजे हा शेवटचा बहर. आधीचे दोन बहर एकदा माकडांनी आणि एकदा वादळानं नेले होते. आता या आठवड्यात टोप्या काढल्या नाहीत तर त्या आपोआप गळणार, मधमाश्या येणार, आणि साहेबांचं सगळं आयुष्य मधाच्या पोळ्यात जाणार.

तेवढ्यात साहेबांची सायकल आली.

"चंद्राबाई, या भगिनी बाहेर का तिष्ठत आहेत?"

"साहेब, त्या नरकात यायला तयार नाहीत."

मी सगळं सांगितलं. साहेब आधी हसले. मग वर झाडाकडे पाहिलं आणि हसू विझलं. ते बायांपुढे उभे राहिले.

"भगिनींनो, हा गैरसमज आहे. संकर ही अत्यंत नैसर्गिक प्रक्रिया आहे. संकर म्हणजे केवळ दोन भिन्न जातींचा—"

"आयकलं?" सगुणा मागे वळली. "जाती म्हनते! सोताच्या तोंडानं कबूल केलं!"

"अहो, झाडांच्या जाती!"

"झाडाले जीव नसते का जी? मंग नरक काऊन नसन?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पुरात वाहून जाणारा माणूस काठावरच्याकडे पाहतो तसं. "चंद्राबाई, हे बुवा कुठे राहतात?"

बुवा ओसरीवर बसून पितळी पेल्यातून दूध पीत होते. समोर अंगणात त्यांची गंगी बांधलेली. तिच्यासारखी गाय पंचक्रोशीत नव्हती. तांबूस अंग, कपाळावर चांद, आणि कास अशी की बादली कमी पडावी. तिच्या दुधाचा नैवेद्य रोज देवळात जायचा. माई तिच्याजवळ बसून धार काढत होत्या.

साहेबांनी हात जोडून सगळं सांगितलं. त्या माणसाला देव मानता येत नव्हता, पण विनंती करता येत होती. "एवढंच म्हणा बुवा, की झाडांना ते लागू नाही."

बुवांनी पेला खाली ठेवला. "सायेब, तुमी शिकलेले. पन एक सांगतो. नारदाच्या गादीवरून सुटलेला शब्द आन् गायीच्या आचळातून सुटलेलं दूध, दोनी मागं जात नसते."

"माझी झाडं जातील हो."

"झाडं गेली तं झाडं येतीन. धर्म गेला तं काय येईन?"

मी मधे पडले. "बुवा, मी जन्मभर तुमच्या पुढं बसली. मले माहीत हाय, तुमचा शब्द झाडासाठी नव्हता."

"कोनासाठी होता?" बुवांनी एकदम विचारलं. त्या घरात ते नाव घेता येत नव्हतं.

नुसती बादलीत धारेची चुळचुळ. मग माईंचा आवाज आला, हळू, जणू त्या गायीलाच विचारत होत्या.

"कोनत्या गायीच्या आचळातून जी?"

"काय?"

"नाई, तुमी म्हनले म्हनून. गंगीची माय तं आपली गावरान कपिली. अन् बाप बाटलीत आला होता. जर्सी का काय म्हनते तो." माईंनी मान वर केली आणि साहेबांकडे पाहिलं. "त्याले काय म्हनते जी शुद्ध मराठीत?"

आता नवाथे साहेबांची एक खोड होती. जीव गेला तरी चुकीचा शब्द वापरायचे नाहीत. ते म्हणाले, "संकरित गोवंश."

बुवांनी पेल्याकडे हात नेला होता, तो अर्ध्यावर थांबला.

"मंग संकरच झाला नं," माई म्हणाल्या. "अन् देवाले रोज नैवेद्य तिच्याच दुधाचा. मी आपलं विचारलं. मले काय समजते?" आणि त्या पुन्हा धार काढायला लागल्या.

मला आठवलं, ती बाटली घेऊन त्या अंगणात कोण आला होता. दवाखान्याचा कंपाउंडर. गंगी पोटात असताना तपासायला तो चार-दोनदा आला, आणि दारातून त्याला पाणी कोण द्यायचं तेही सगळ्या गावाला ठाऊक होतं. बुवांनाही तेच आठवत असावं.

मग बुवांनी घसा साफ केला, आणि त्यांच्या आवाजात एकदम कीर्तनाचा स्वर आला.

"चंद्रे, तू तं जाणती हायेस. कीर्तनाचे भाग किती?"

"दोन. पूर्वरंग आन् उत्तररंग."

"मंग काल झाला तो पूर्वरंग. अर्धं आयकून लोकं उठून गेले तं बुवाचा काय दोष? शब्द मागं घेत नाई. पुढं नेतो. उद्या सकाळी तुमच्या फाटकापाशी उत्तररंग!"

साहेबांनी आनंदानं बुवांचे पाय धरले. मी पाहिलं ते. नंतर आयुष्यभर ते म्हणत राहिले की त्यांची चप्पल अडकली होती.

"मी बी येतो उद्या," माई म्हणाल्या. "पन मले जरा उशीर होईन. लांबून यावं लागते."

लांबून कशाला, घर तर हे समोर, असं माझ्या मनात आलं. पण तेवढ्यात गंगीनं शेपटी मारली आणि बादली सांडता सांडता वाचली.

दुसऱ्या दिवशी अख्खं सावलखेडा निलगिरीखाली. वर मडमीच्या फांद्या कळ्यांनी वाकलेल्या, खाली बुवा फेटा बांधून उभे, गळ्यात झेंडूचा हार. आमच्याकडची एक रीत आहे. बुवांच्या गळ्यात हार पडला की ते बुवा उरत नाहीत, नारद होतात. त्या गादीवर उभा असेतो कीर्तनकार कोणाला नमस्कार करत नाही आणि पाया पडणाऱ्या कोणाला नाही म्हणत नाही. येईल त्याला उराशी धरायचं आणि कपाळी बुक्का लावायचा. मागे एकदा झिंगलेला बाबल्या कोतवाल पायावर पडला होता, तर बुवांनी त्यालाही धरलं. हार उतरल्यावर मग चार शिव्या दिल्या.

"परवा मी काय म्हणालो?" बुवांनी सुरुवात केली. "संकर नरकात नेतो. आणि काय म्हणायचं राहिलं? की शंकर नरकातून सोडवतो!"

तबलजीनं एक थाप दिली.

"तो कैलासीचा राणा पाहा! डोक्यावर गंगेचं पाणी आणि कपाळात आग. पाण्याची आणि आगीची जात एक आहे का? अंगाला मसणातली राख आणि जटेत आकाशातला चंद्र. राखेची आणि चंद्राची सोयरीक कोणत्या भटानं जुळवली? गळ्यात नाग, दारात नंदी, आणि अर्धं अंग बाईचं! जगात जे जे एकमेकांशी जुळत नाही, ते ते त्यानं जवळ घेतलं, म्हणून तो देव झाला. ज्यांना मनात पाप ठेवून मिसळायचं त्यांचा तो संकर. ज्यांना जगाचं भलं करायचं त्यांचा तो शंकर! अरे भैयाजी, रंगाचा डबा आणला का?"

भैयाजी पेंटर शिडी घेऊन तयारच होता. राकेलच्या बोळ्यानं त्यानं 'सं' पुसला.

नवाथे साहेब ताडकन उठले. "बुवा, हे अशुद्ध आहे! या दोन शब्दांची व्युत्पत्ती पूर्णपणे—"

मी त्यांचा सदरा ओढला. "साहेब, अक्षर पाहिजे की फुलं?"

साहेबांनी वर पाहिलं. एका फांदीवर पहिली टोपी आपोआप गळून पांढरा झुबका उमलला होता, आणि त्याच्याभोवती एक मधमाशी घिरट्या घालत होती. पुढे जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. ज्या माणसानं आमच्या हजेरीतली एक वेलांटी कधी चुकू दिली नाही, तो शिडीखाली जाऊन रंगाचा डबा धरून उभा राहिला, आणि वर 'शं' लिहून झाला. निलगिरी शंकर केंद्र.

"शंकर भगवान की जय!" सगुणा ओरडली. बायांनी कमरेला पदर खोचले.

कीर्तन इथं संपलं असतं तरी साहेबांचं काम झालं होतं. पण आमच्या तबलजीनं तिहाई घेतली, आणि तबला असा चढला की बुवांना थांबता येत नसे. ते नाचायला लागले. "जवळ घ्या रे, जवळ घ्या! झाडाला झाड, माणसाला माणूस! ज्यानं दूर लोटलं त्याचा संकर, ज्यानं उराशी धरलं त्याचा शंकर! आजपासून जो दूर लोटील, त्याला नरक! बोला!"

गाव बोललं. झांजा थांबल्या, आणि मग काहीतरी बदललं. लोक बुवांकडे पाहत नव्हते. फाटकाकडे पाहत होते.

फाटकातून माई येत होत्या. त्यांच्या मागे मंजुळा, कडेवर चार महिन्यांचं लेकरू. तिच्या मागे सुदाम, दवाखान्याची खाकी पिशवी अजून खांद्याला, जणू कुठल्या गायीला पाहायला निघाला होता.

बुवांचा चेहरा झेंडूहून पिवळा झाला. आरती कशीबशी आटोपली, आणि त्यांचा हात गळ्याकडे गेला. "हार उतरवा रे कोनी. लय घाम आला."

तबलजी उठायला लागला.

"थांबा जी," माई म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा त्या चारचौघांत मोठ्यानं बोलल्या. "लोकं पाया पडायचे हायेत अजून. हार असू द्या गळ्यात."

आणि त्यांनी सुदामला पुढे केलं.

सुदाम वाकला. त्याचं डोकं बुवांच्या पायावर होतं आणि ते उठेचना. त्याला कोणी उठवल्याशिवाय उठायचं नव्हतं, आणि रीतीप्रमाणे उठवायचं एकाच माणसानं. बुवांचे दोन्ही हात हवेत होते. नारदाची गादी एकीकडे आणि गणपत लांबट एकीकडे, आणि मध्ये झेंडूचा एक हार.

मग हात खाली आले. बुवांनी त्याला खांद्याला धरून उठवलं आणि उराशी धरलं. रीत म्हणून धरलं असेल, पण रीतीला लागतो त्याहून जास्त वेळ धरलं.

मंजुळा पुढे झाली. बाप-लेकीनं काय केलं ते मी सांगत नाही. त्या वेळी माझा पदर माझ्या डोळ्यांवर होता.

"पोरगी टाकली अन् गाय ठेवली," माई शेजारून म्हणाल्या. "आता दोघी ठेवा."

बुवांनी बोटावर बुक्का घेतला आणि नातवाच्या कपाळी लावला. लेकरू जोरात शिंकलं.

"सत्य!" अख्खं गाव एका तोंडानं ओरडलं, आणि बुवा हसले. मग रडले. मग म्हणाले, "आता तरी हार काढा रे!"

बायांनी त्याच दिवशी टोप्या काढल्या, दाढ्या भादरल्या, अंतरपाट बांधले. पुढे गड्याची भुकटी लागली, बी धरलं, आणि ते काळं बारीक बी साहेबांनी तळहातावर असं धरलं जसा बुक्का. त्यातली बहुतेक रोपं साधीच निघाली. थोडी मात्र अशी निघाली, की वैशाखात ताठ उभी आणि आषाढात आभाळाला टेकायला निघालेली. मडमीची झाडं दिवाळीआधी तुटली. गोदाम कधी बांधलंच नाही. तिथं आता कारखान्याचे साहेब लोक क्रिकेट खेळतात.

नवाथे साहेब निवृत्त होईपर्यंत त्या फाटकातून मान खाली घालून जायचे, पाटी वाचावी लागू नये म्हणून. पण बदलली नाही.

एक प्रश्न मात्र माझ्या मनात खुटखुटत होता. बुवा गेल्यानंतरच्या वर्षी मी माईंकडे बसले होते. मंजुळा आत चहा करत होती. मी विचारलं, "माई, त्या रात्री विहिरीवर तुमीच बायांना विचारलं नं, फाटकावर नवं काय लिवलं हाय म्हनून?"

"हो."

"पाटी तं त्याच दिवशी लागली होती. अन् तुमाले वाचता येत नाई. नवं काही लिवलं हाय, त्यात कामाचं काही हाय, हे तुमाले समजलं कसं?"

माईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. डोळे बारीक झाले.

"मंजुळानं वाचून दाखवलं."

"मंजुळानं? तवा तं..."

"दर बाजाराच्या दिवशी तुमच्या फाटकासमोरच्या चिंचेखाली भेटत होतो आमी मायलेकी. बाजारादिवशी तुमचं काम बंद, तिथं कोनी पाहात नाई. त्या दिवशी ती म्हने, माय, पाहा, बाबाचा शब्द लिवला हाय." माई हसल्या. "बुवाचा शब्द बुवाच्याच तोंडानं पुढं जाऊ शकत होता बाई. माह्या सांगन्यानं गेला असता का? मी फक्त बायाले विचारलं."

एवढी गोष्ट. आता उठायच्या आधी एक मागणं आहे. कुठं रस्त्यानं जाताना निलगिरीची सरळ, उंच ओळ दिसली, तर एक पान तोडून चोळा, वास घ्या, आणि माईंची आठवण काढा. साऱ्या गावानं त्यांना माईच म्हटलं. नाव कोणी विचारलंच नाही. मी विचारलं होतं. फाटकावर जो शंकर बसला, तो जिनं बसवला तिचं नाव पार्वती होतं.